रेमीची तब्येत

रेमीची तब्येत गावागणिक बदलायची. रॉयाँला त्याची पाठ धरली होती, मारेनला पोट बिघडलं, आणि नोर्मूतिए बेटावर तर बिचाऱ्याला दोन दिवस उशीवरून डोकं उचलवेना. मुक्कामाला शेजारी उभ्या असलेल्या, चाकांवरच्या घरांसारख्या गाड्यांतली भली माणसं हळहळायची. कोणी गोळ्या द्यायचं, कोणी वाळवलेल्या पानांचा काढा, एका बाईने तर स्वतःच्या नवऱ्याच्या कमरेचा पट्टा सोडवून आणून दिला. त्याची बायको सोलांज सगळं दोन्ही हातांनी घ्यायची आणि म्हणायची, "सांगते हं त्याला. बरं वाटेल त्याला." सांगणार कोणाला, कपाळ! रेमी जाऊन तीन वर्षं झाली होती. लिमोजच्या दफनभूमीत तो आपल्या आईशेजारी निजला होता आणि त्याला आता ना पाठ होती, ना पोट.

आता कोणी म्हणेल, बाई खोटारडी आहे. तशी ती नव्हती. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं, कधी चमचाभर लोणी घरी आणलं नाही. हे सगळं सुरू झालं ते बुटांपासून.

रेमी गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ती मोटरहोम घेऊन एकटीच निघाली. मुलगी, क्लेमांस, लिओंहून फोनवर ओरडत होती, "आई, विकून टाक ना ती गाडी! पासष्ट वय झालं तुझं, एकटी कुठे मरायला जातेस?" सोलांजला मरायला जायचं नव्हतं. घरात बसून मरायचं नव्हतं, एवढंच. पण दुसऱ्याच मुक्कामाला कोणी एक झिंगलेला बाप्या दारावर थापा मारत "एकट्याच का हो?" विचारत बसला, आणि तिने आतून खुर्ची लावून दार धरून ठेवलं. सकाळी शेजारच्या गाडीतली एक निवृत्त नर्स म्हणाली, "अगं, नवऱ्याचे बूट असतील ना तुझ्याकडे? ठेव की पायरीवर. पंचेचाळीस नंबरचे बूट म्हणजे दारात बांधलेला कुत्रा. वर त्याला खायला घालावं लागत नाही."

रेमीचे हिरवे गमबूट गाडीच्या पोटातल्या कप्प्यात तसेच पडून होते. ते पायरीवर आले. मग कोरडे बूट बघून कोणाला संशय येईल म्हणून ती रोज सकाळी त्यांना ताजा चिखल फासू लागली. मग खुर्च्या दोन मांडायला लागल्या. मग पेले दोन. आणि दोन पेले दिसले की लोक विचारणारच, "साहेब कुठे?" झालं, तिथून रेमी आजारी पडला तो पडलाच.

बूट वाईट माणसाला लांब ठेवतात, खोटं कशाला बोला. पण बुटांना चोर कोण, साव कोण, हे कळत नाही. ते सरसकट सगळ्यांनाच लांब ठेवतात. फ्रान्सच्या आमच्या या पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी सहा वाजले की गाड्यागाड्यांसमोर टेबलं पडतात, बडीशेपेची दारू ओतली जाते, बर्फ खुळखुळतो, आणि "या हो या, दोघं या" अशी हाक होते. सोलांजला दोघं जाता येत नसे, आणि आजारी नवऱ्याला टाकून एकटी जाणं शोभत नसे. बरं, लोक इतके सज्जन, की आत माणूस आजारी आहे म्हणून आपला रेडिओ बारीक करत, मुलांना दटावत, कुजबुजत बोलत. तिच्या गाडीभोवती अशी शांतता पसरायची की सूप पिताना स्वतःच्या घशाचा आवाज तिला ऐकू यायचा. आवाज ऐकायला म्हणून ती इतक्या लांब आली होती, आणि स्वतःच्या हाताने तो बंद करून बसली होती. रात्री पडल्या पडल्या तिला कधीकधी रेमीचाच राग यायचा. मेला तो मेला, वर आजारीही पडतो!

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ती गेराँदच्या मिठागरांत पोचली. तिथे आनाईक नावाच्या मीठवालीच्या जागेत पाच-सहा गाड्या उभ्या राहतात. आनाईक चौऱ्याहत्तर वर्षांची, उन्हाने रापलेली, आवाज असा की दोन वाफे पलीकडचा बगळा उडावा. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून ती दिवसभर बांधावर उभी. तिचा नियम एकच, आणि तो ती गाडीचं इंजिन बंद व्हायच्या आत खिडकीशी येऊन सांगते.

"पैसे नकोत मला. नळ तिकडे, कचरा तिकडे. पण आभाळ भरून आलं की जो इथे मुक्कामाला आहे, त्याने मिठाला हात लावायचा. बाई असो, बाप्या असो. मीठ भिजत असताना हात खिशात घालून बघत बसणाऱ्याला आमच्याकडे माणूस म्हणत नाहीत. कळलं?"

"कळलं," सोलांज म्हणाली.

"नवरा कुठाय?"

"आत पडलाय. खोकला झालाय त्याला."

"इथली हवा खोकल्याला चांगली. दोन दिवसांत उठून बसतो की नाही बघ, पोरी."

अडुसष्टाव्या वर्षी कोणी पोरी म्हणालं की बरं वाटतं. सोलांज त्या भरात गाडी मागे घेऊ लागली आणि मागचं चाक थेट चरात उतरवायच्या बेतात होती, तेवढ्यात कोणीतरी काचेवर टकटक केलं.

"थांबा, थांबा, बाई! आरसा कशाला दिलाय गाडीला? केस विंचरायला? हां. आता स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. पूर्ण म्हणजे पूर्ण, अर्धवट नको. आता सोडा हळूच क्लच... हळूच... शाब्बास! पास झालात."

उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. नाव तांगी. केंपेर गावात अडतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवून निवृत्त झालेला. आनाईक त्याला 'मास्तर' म्हणायची. त्याची छोटी गाडी शेजारीच उभी होती, समोर एक खुर्ची, एक पेला. त्याने सोलांजच्या चाकांखाली ठोकळे सरकवून दिले, गाडी समपातळीत आली की नाही ते पाण्याचा पेला ठेवून बघितलं. मग सोलांजने पायरीवर आणून ठेवलेले बूट बघून आवाज खाली आणला. "साहेबांना आराम पडतोय का?"

"पडेल," सोलांज म्हणाली.

संध्याकाळी तो बाटली घेऊन आला. बसला. एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली, जो चौदा वेळा नापास झाला आणि पंधराव्यांदा परीक्षकाच्याच मोटारीला जाऊन धडकला. सोलांज हसली. अशी हसली की तिचं तिलाच नवल वाटलं. हा आवाज अजून आपल्यात शिल्लक आहे, हे ती विसरून गेली होती. पण तेवढ्यात तांगी चपापला, खिडकीकडे बघितलं, आणि पेला अर्धाच टाकून उठला.

"चुकलंच माझं. आत माणूस आजारी आणि मी इथे खिदळत बसलोय. बरं दिसत नाही ते. येतो."

"अहो, बसा ना, त्याला काही—"

"नको नको. झोपू द्या त्यांना."

तो गेला. समोर सपाट मिठागरं, एकाला एक लागून शेकडो वाफे, आणि प्रत्येकात थोडं थोडं मावळतं ऊन. सोलांज रेमीच्या खुर्चीकडे बघत बसली. तांगी रविवारी दुपारी निघणार होता, तोच म्हणाला होता. आज गुरुवार. तिला काय हवं होतं? लग्न करायचं नव्हतं, काही नाही. एक अख्खी संध्याकाळ हवी होती, कोणी मध्येच न उठता. त्यासाठी एक वाक्य बोललं की भागलं असतं: "आत कोणी नाही." तीन तर शब्द. पण ते बोलायचं म्हणजे, भल्या माणसा, मी तुलाही त्या दारुड्यासारखाच समजले, हेही आलंच की. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आता मूठ उघडावी तर हातात फक्त चिखल. उद्या सांगेन, असं तिने ठरवलं.

शुक्रवारी सकाळी तांगीने डझनभर कालवं आणून दिली. "सहा तुम्हाला, सहा रेमींना. खोकल्यात चालतात, आमची आजी द्यायची." सांगायची वेळ हीच होती. पण त्याने सगळी उघडून, खाली बर्फ घालून, दोन बश्यांत मांडून आणली होती. दोन बश्या बघून तिची जीभच उचलेना. "थँक यू हं, खूष होईल तो," एवढंच तोंडातून आलं. दार लावून तिने बाराच्या बारा कालवं एकटीने खाल्ली. शेवटची दोन घशाखाली उतरेनात, पण टाकणार कुठे? कचऱ्याचा डबा त्याच्या दारासमोर!

त्यानंतर ती बाजाराला निघाली. बांधाच्या पहिल्या वळणावर लक्षात आलं की पाकीट राहिलं. ती मागच्या पायवाटेने परत आली. तांगी तेव्हा नळावर भांडी घासत होता, त्याची पाठ होती. ती आत शिरली, पाकीट शोधू लागली, आणि बाहेर खुर्ची करकरली.

"रेमी, जागे आहात का?"

सोलांज जागच्या जागी थिजली. पडदा ओढलेला होता. पडद्यापलीकडे, हातभर अंतरावर, तांगी बसला होता.

"सोलांजबाई बाजारात गेल्यात, म्हणून आलो. तुम्ही बोलू नका, खोकला उसळेल. मीच बोलतो. असं आहे बघा. माझी बायको जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही म्हणाल, हे मला कशाला सांगतोय. लोकांना सांगून बघितलं मी. लोक म्हणतात, छंद लावून घ्या. आता मी गाडी चालवताना मोठ्याने बोलतो. आरसा बघ, इंडिकेटर दे, पुढे सायकलवाला आहे, सांभाळ. मीच मास्तर, मीच शिकाऊ. नाहीतर दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नाही हो. परवा बेकरीत पाव मागायला गेलो तर घसा बसलेला. न वापरून बसलेला."

सोलांजने तोंडावर हात धरला.

"तर काल तुमची बायको हसली. मला फार बरं वाटलं. मला अजून दोन संध्याकाळी तिच्यासमोर बसावंसं वाटतंय. मनात काही काळंबेरं नाही, असतं तर तुमच्या खिडकीशी आलो नसतो. पण घर तुमचं आहे. तुम्हाला चालत नसेल तर तसं सांगा, मी आत्ता गाडी हलवतो, राग धरणार नाही. आणि चालत असेल..." तो जरा हसला. "चालत असेल तर खोका एकदा. म्हणजे बोलायचे कष्ट नकोत."

आता काय करावं माणसाने? दार उघडून बाहेर यावं आणि म्हणावं, हे सगळं मी ऐकलं? की गप्प राहून त्याला गाडी हलवू द्यावी? बाहेर खुर्ची करकरली. तो उठत होता. तिने छाती भरून श्वास घेतला आणि जमेल तेवढ्या जाड्या आवाजात खोकली.

"आभारी आहे," तांगी म्हणाला. "भला माणूस आहात."

त्या संध्याकाळी तो साडेदहापर्यंत बसला. तिने सारडिन मासे भाजले, त्याने टोमॅटो चिरले. तो हसला, ती हसली, पलीकडचं बेल्जियन जोडपंही आपल्या खुर्च्या जवळ घेऊन हसलं. जाताना त्याने पेला खिडकीकडे उंचावला आणि म्हणाला, "रेमी, तुमच्या नावाने!" सोलांजला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आत जावं. तीन वर्षांतली सगळ्यात चांगली संध्याकाळ होती ती, आणि चोरीची होती. बिचाऱ्याने छाती उघडून दाखवली ती एका मेलेल्या माणसाला, आणि बघून घेतली हिने. आता तर खरं सांगणं दुप्पट अवघड. तरी उद्या सांगायचंच. परवा तो गेला, की मग कोणाला सांगणार?

शनिवारी सकाळी तिने सवयीने बुटांना चिखल फासला. दुपारी वारा फिरला. चार दिवस पूर्वेकडून येणारा कोरडा वारा एकदम थांबला आणि समुद्राकडून जड, ओला झोत आला. पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं. आनाईक मीठ ओढायचा लांब दांड्याचा फळा हातात घेऊन धावत आली. धावत म्हणजे, पट्टे बांधलेल्या गुडघ्यांनी जमेल तसं.

"उठा रे! सगळे उठा! अर्धा तासही नाही हातात! बांधांवर तीन दिवसांचं मीठ निथळत पडलंय, सगळं गेलं नाहीतर! मास्तर, ती हातगाडी घे. बेल्जियमवाले, ताडपत्री उघडा. पोरी, नवऱ्याला उठव, दुसऱ्या हातगाडीला पुरुष हवाय!"

"त्याला नाही जमणार, आनाईक. मी येते ना."

"तुला ढकलवेल होय ती? बांध वीतभर रुंद! उठव म्हणते ना त्याला."

"आजारी आहे तो."

आनाईकने पायरीकडे बघितलं. बुटांवरचा चिखल अजून ओला होता.

"आजारी? हे बूट सकाळी उठून एकटेच फिरून आले का? रोज बघतेय मी, रोज ताजा चिखल! पहाटे हवा खायला जमतं, मीठ वाहायची वेळ आली की खोकला! आयतोबा मेला!"

"अहो, खरंच आजारी आहेत ते," तांगी हातगाडी धरून मध्ये पडला. "मी स्वतः ऐकलाय खोकला."

"खोकला मलाही आहे, मास्तर! म्हणून काय मी पांघरूण घेऊन पडलेय?" आनाईक फळ्याच्या दांड्याने दार बडवायला लागली. "अरे ए, बाहेर ये! बायकोला पुढे करून आत लपतोस? लाज नाही वाटत? कालवं खायला उठतोस ना? पोरी, खरं सांगते, असला नवरा असण्यापेक्षा नसलेला बरा!"

सोलांजच्या डोक्यात काय झालं, तिचं तिला कळलं नाही. तिने आनाईकच्या हातातून दांडा हिसकावून घेतला.

"खबरदार! खबरदार माझ्या नवऱ्याला एक शब्द बोललात तर! ओळखता तुम्ही त्याला? नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा लोकांचे फ्रिज पाठीवर घेऊन वर चढवले त्याने. त्याने! शेजारणीचं कुत्रं काढायला छातीभर पाण्यात गेला होता. कोणी हाक मारली आणि रेमी आला नाही असं चाळीस वर्षांत झालं नाही. तो असता ना, तर तुम्ही बोलवायच्या आधी बांधावर उभा असता! नाहीये तो! मेलाय! तीन वर्षं झाली मेला! आत कोणी नाही!"

वाऱ्याने ताडपत्री फडफडली. बेल्जियन बाई तोंडावर हात ठेवून उभी. आनाईक क्षणभर सोलांजकडे बघत राहिली, आणि मग तिच्या आवाजातली धार गेली.

"आधी बोलायचं होतंस गं. मेलेल्या माणसाला मी शिव्या घातल्या नसत्या." तिने दांडा परत घेतला. "चल. रड नंतर. आता ताडपत्री धर."

सोलांजने तांगीकडे बघितलं. त्याची मान लाल झाली, मग कान, मग सगळा चेहरा. तो तिच्याकडे बघत नव्हता, पडदा ओढलेल्या खिडकीकडे बघत होता. मग त्याने हातगाडी वळवली आणि बांधावर चालू लागला.

सगळ्यांचं काम एकच होतं. बांधांवर निथळत ठेवलेले मिठाचे ढीग फावड्याने हातगाडीत भरायचे, वीतभर बांधावरून तोल सांभाळत आणायचे, कडेच्या मोठ्या राशीवर ओतायचे. दुसरी हातगाडी बेल्जियन नवऱ्याने घेतली, तो दोनदा वाफ्यात पडला. सोलांज ताडपत्रीवर जुने टायर टाकत होती. पाऊस आला तेव्हा पाच ढीग राहिले होते, ते डोळ्यांदेखत विरघळले. आनाईक म्हणाली, "गेले ते गेले," आणि सगळ्यांना गरम कॉफी दिली. तांगीने कॉफी घेतली नाही. तो भिजलेला तसाच आपल्या गाडीत गेला आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी एकही टेबल मांडलं गेलं नाही. सोलांज आत बसून पावसाचा आवाज ऐकत होती. कधी नव्हे ते तिला एकटेपणाची भीती वाटत नव्हती. लाज वाटत होती, आणि ती भीतीपेक्षा वाईट. आपल्या हाताने घालवला माणूस, असं ती स्वतःशी दोनतीनदा बोलली.

रविवारी ऊन पडलं. दुपारी निघणारा तांगी नऊ वाजताच ठोकळे काढू लागला. गाडीचं इंजिन चालू होतं, दार उघडं. सोलांज कॉफीचे दोन पेले घेऊन गेली आणि त्याच्यापासून चार पावलांवर उभी राहिली. पुढे जायची हिंमत होईना.

"खोकलात ते तुम्ही," तो ठोकळ्यावरची माती झटकत म्हणाला.

"हो."

"छान खोकता."

"तांगी, मला माफ करा. मी सांगणार होते. रोज सांगणार होते."

"मी त्याला सांगितलं होतं ते. तुम्हाला नाही. तुम्हाला असतं तर मी ते निराळं सांगितलं असतं. चांगलं करून, सजवून." त्याने ठोकळा गाडीत टाकला. "रात्रभर मी तुमच्यावर चिडून होतो. माझी चेष्टा झाली, असं वाटत होतं. पहाटे उठलो आणि सवयीने म्हणालो, रेमीला विचारावं, बायका अशा का वागतात. आणि मग लक्षात आलं, विचारणार कोणाला." त्याने दुसरा ठोकळा उचलला. "हसाल तुम्ही, पण मला तो माणूस आवडला होता. अकरा वर्षांत माझं सगळं ऐकून घेणारा पहिला माणूस. तुमचा रेमी तीन वर्षांपूर्वी गेला. माझा काल गेला, बाई."

सोलांज हसली नाही. तिने कॉफीचे पेले पायरीवर ठेवले.

"कसा गेला?" तांगीने विचारलं.

हे तिला तीन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. क्लेमांस विषय बदलायची. शेजारी म्हणायचे, काळ हेच औषध. डॉक्टरने कागद दिला होता, त्यावर एक लांबलचक शब्द होता.

"पाव आणायला गेला होता," ती म्हणाली. "जानेवारीत. बेकरीसमोर बाक आहे, त्यावर बसला. पाव मांडीवर. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, म्हातारा आराम करतोय. दोन तास कोणी हात लावला नाही. त्याला त्रास नको म्हणून. आणि मी घरी चिडत होते. बसला असेल कोणाशी गप्पा मारत, म्हटलं, बसू दे. आणि मी जेवून घेतलं. तांगी, तो तिथे तसा बसला होता आणि मी एकटीने सगळं जेवून घेतलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही."

तांगीने तिच्याकडे बघितलं; कालपासून पहिल्यांदा. मग तो गाडीच्या दारातून आत वाकला, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"काय केलं होतंत जेवायला?" त्याने विचारलं.

"मसूर," सोलांज म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.